बिनघंटीची शाळा

दिवाळी आटोपली की आमच्या अमरावतीच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जायला लागतात. वरून ताडपत्री आवळलेली असते, पण कापूस कुठला ऐकायला! बाभळीला घासला की थोडा तिथेच राहतो, विजेच्या तारेला लोंबतो, उडत उडत माझ्या फाटकाच्या जाळीत येऊन बसतो. झाडायला येणारी बाई त्याला कचरा म्हणते. मी तिला हात लावू देत नाही. स्वतः वेचते, बोटांनी फुलवते आणि खिडकीत ठेवून देते. म्हातारीला नाद लागला आहे, असं ती शेजारी सांगत फिरते. फिरू दे.

यंदा कापूस आणि सुनेचा फोन एकाच आठवड्यात आला. मुलगा-सून नोकरीपायी दूर दक्षिणेत असतात आणि नातवाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं त्यांच्या मनात आहे. ख्रिस्ती घरांसाठी तयार केलेले अभ्यासाचे संच मिळतात म्हणे आता, आणि तेही एक-दोन नाहीत, ढिगानं. कशात शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, धडे जास्त, कशात गणित पक्कं, कशात चित्रं सुरेख. सून हुशार आहे. आठवडाभर सगळ्यांची तुलना करून दमली आणि शेवटी मला म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा, निवडायचा कसा?" मी म्हटलं, "पहिलं पान उघड आणि ते कोणाशी बोलतं ते बघ." तिला वाटलं, सासूबाई प्रवचनाला बसल्या. प्रवचन कसलं! अकोल्याला आमच्या घरी जे घडलं तेच मी सांगत होते.

घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि ओट्यासमोर चांदचाचांचं अंगण. चांदचाचा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या करणारे. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या हाताला कायम औषधांचा वास असायचा आणि जेवताना तो भाकरीलाही लागायचा. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. मी चौथीत होते आणि त्या पावसाळ्यात मला ताप भरला. आधी गुडघे सुजले, मग मनगटं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, सांध्यांचा ताप आहे, काळजाला धक्का बसू द्यायचा नाही. वर्षभर पळणं बंद, पाण्यात जाणं बंद, शाळा बंद. पळणं बंद झाल्याचं दुःख मला झालं. शाळा बंद झाल्याचं आईबाबांना झालं.

मग सल्ल्यांना ऊत आला. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि शाळेची जुनी पुस्तकं राहणार की बदलणार, हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. तरी तीच घ्या आणि शिकवणी लावा, असं मास्तर म्हणाले. चर्चचे पाळकसाहेब रविवारच्या शाळेची रंगीत कार्डं घेऊन आले. एवढं पाठ केलं तरी आत्म्याला पुरे, म्हणाले. आणि त्याच दिवसांत दवाखान्यातली एक मेम कायमची मायदेशी निघाली. तिची मुलं मोठी होईपर्यंत घरातच शिकली होती. तो सगळा अभ्यास, म्हणजे पत्र्याच्या पेटीभर पुस्तकं, चित्रं, मातीच्या वड्या, एक पितळी घंटी आणि आईनं कसं शिकवावं याचं जाडजूड मार्गदर्शन, तिनं बाबांना देऊन टाकलं. सगळं इंग्रजी. बाबांना इंग्रजी येत होतं, पण ते बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून आलेलं. आईला अजिबात नाही.

संध्याकाळी बाबा पेटी उघडून बसले. आई आंबाडीची भाजी निवडत होती. बाबांनी त्या मार्गदर्शनाच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द ओलांडत मराठीत सांगू लागले. आई, तू आज दमली असशील तर धडा लहान घे. लेकरू रडलं तर पुस्तक मीट. पुस्तक उद्याही इथेच असेल. आईचे हात थांबले. पुन्हा वाचा म्हणाली. बाबांनी पुन्हा वाचलं. "हेच घ्या," ती म्हणाली. "बाकीची पुस्तकं पोरीशी बोलतात. हे माह्याशी बोलून राहिलं."

बाबांची पसंती वेगळ्या कारणानं होती. रोजचा धडा शास्त्रवाचन आणि प्रार्थनेनं सुरू व्हायचा, ते त्यांना भावलं. दोघांनी दोन वेगळ्या कारणांनी एकच पेटी निवडली आणि जन्मभर दोघंही आपलंच कारण खरं मानत राहिली. लग्नं टिकतात ती अशीच, असं आपलं माझं मत.

आईचं त्या पहिल्या पानावर मन का बसलं, ते समजायला मला वेळ लागला. ती पाच वर्षांची असताना तिची आई गेली आणि वडिलांनी तिला अचलपूरकडच्या एका बोर्डिंगात ठेवलं. लग्न होईपर्यंत तेच तिचं घर. बोर्डिंगाबद्दल वाईट शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. कपडे मिळाले, अक्षरओळख मिळाली, गीतं मिळाली, देव मिळाला, असं ती सांगे. फक्त एकदा, तव्यावर भाकरी उलटता उलटता म्हणाली, "बोर्डिंगात कोनी इचारत नव्हतं, भूक लागली का म्हणून. घंटी झाली का भूक लागे." तेवढंच म्हणाली आणि भाकरी फुगली का ते बघू लागली.

म्हणूनच पेटीतली पितळी घंटी तिनं पहिल्याच दिवशी बाहेर काढली. मार्गदर्शनात लिहिलं होतं, घंटी वाजवून अभ्यास सुरू करावा, म्हणजे लेकराला शिस्त लागते. आईनं ती दोरीत ओवली आणि आमच्या शेळीच्या गळ्यात बांधली. शेळीला शिस्त लागली नाही, पण ती कुठे चरते आहे ते खाटेवरून मला कळायला लागलं. बाबा थोडे कुरकुरले, मेमसाहेबांनी प्रेमानं दिली होती म्हणाले. आई म्हणाली, शेळीवर माझं प्रेम काय कमी आहे?

आमची शाळा अशी भरायची. संध्याकाळी बाबा उद्याचा धडा इंग्रजीतून उकलून सांगत, आई भाकरी थापता थापता ऐके, मध्येच शंका काढे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पद्धतीनं मला शिकवे. रात्रभरात त्या धड्याचा पार वऱ्हाडी होऊन जाई. मोजायला लाकडी मणी होते, त्यातले निम्मे मेमच्या मुलांनीच हरवलेले. आम्ही सरकी घेतली. ओकच्या झाडाचा आमच्याकडे निंब झाला. आपल्या गावच्या नदीचा नकाशा मातीत करा, असा धडा आला तेव्हा आईनं अंगणात मोर्णा खोदली, तिच्यावर पूल बांधला, अलीकडे किल्ला उभा केला आणि वरून तांब्याभर पाणी सोडलं. पाणी चांदचाचांच्या गादीखाली गेलं. ते उठून उभे राहिले आणि हसत म्हणाले, "पूर आया रे बाबा, पूर आया." भूगोल मला पुढे कधीच जड गेला नाही.

शास्त्राचा धडा ओट्यावर व्हायचा आणि चांदचाचांची बायको, आमची चाची, हातातली गादी शिवत पलीकडून ऐकायची. योसेफाची गोष्ट निघाली की तिला राहवत नसे. हा तर आमचा यूसुफ, म्हणायची, आणि पुढचं तीच सांगायची. कोणता भाग आमचा आणि कोणता तिच्याकडचा, हे मला नीट वेगळं करता येत नाही. आईनं तिला कधी थांबवलं नाही. गोष्ट सांगणारं माणूस मनापासून सांगतं आहे ना, एवढंच ती बघायची.

अशातच दिवाळीनंतर शांताआत्या अमरावतीहून आली. बाबांची मोठी बहीण. तिनंच त्यांना वाढवलं होतं, त्यामुळे तिच्या शब्दाला आमच्या घरात वजन होतं. ती अमरावतीच्या एका मिशनशाळेत शिक्षिका होती आणि तिथल्याच बोर्डिंगाची सुपरिंटेंडेंटही. आली तेव्हा मी खाटेवर पालथी पडून सरकी मोजत होते, शेळी पुस्तकाचा कोपरा चघळत होती आणि आई चुलीपाशी बसून मला सात आठे विचारत होती. आत्यानं ओट्यावरच छत्री टेकली आणि तशीच उभी राहिली.

आत्या दुष्ट नव्हती. मला स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण अशा गोष्टींत आत्याला उगाच दुष्ट करतात. तिला माझी काळजी वाटली. तिथे डॉक्टर जवळ आहे, रोज अंडं मिळेल, नीट अभ्यास होईल, मी डोळ्यात तेल घालून बघेन, असं ती जीव तोडून सांगत होती. शिवाय एक अडचण खरीच होती. कुठल्या तरी शाळेचा दाखला असल्याशिवाय अकोल्याची शाळा मला पाचवीत घेणार नव्हती. शेवटी आत्यानंच तोडगा काढला. उन्हाळ्याआधी मला अमरावतीला आणायचं, तिच्या शाळेच्या मोठ्या बाई परीक्षा घेतील. पाचवीच्या लायक ठरले तर दाखला घेऊन घरी. नाही ठरले तर तिथेच बोर्डिंगात राहायचं आणि पुन्हा चौथी करायची. बहिणीला नाही म्हणणं बाबांना आयुष्यात जमलं नाही.

"घ्या परीक्षा," आईच म्हणाली.

त्या दिवसापासून आईचं शिकवणं बदललं असेल, असं कुणालाही वाटेल. छे! रडले तर पुस्तक मिटायचं, दमली तर धडा लहान घ्यायचा, सगळं होतं तसंच. फक्त संध्याकाळी बाबांना ती जास्त प्रश्न विचारू लागली आणि भाकऱ्या अधूनमधून करपू लागल्या.

आणि थंडी पडता पडता तो धडा आला. त्याचं चित्र आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. पांढरी जमीन, पांढरी छपरं, हवेतून खाली येणारे पांढरे पुंजके, कोट-टोप्या घातलेली हसरी पोरं, एक बिनचाकाची गाडी आणि गाजराचं नाक लावलेला एक पांढरा माणूस. बाबांनी कोशात पाहून सांगितलं, हा बर्फ, तिकडे हिवाळ्यात आभाळातून पडतो. आईला बर्फ चांगला ठाऊक होता. स्टेशनाजवळच्या सोड्याच्या दुकानात तो भुशात झाकून यायचा, ही मोठी लादी, हातोडीनं फोडायची. लादी डोक्यात पडल्यावर पोरं हसतील का, तिनं विचारलं. बाबा म्हणाले, गारांसारखं काही असेल. गारा पडल्या की पीक झोपतं, लोक नाचत नाहीत, ती म्हणाली. बाबांनी तरी आभाळातून पडणारा बर्फ पाहिला होता कुठे?

आई चित्र घेऊन ओट्यावर आली आणि मला समोर बघायला सांगितलं. थंडीचे दिवस म्हणजे गाद्या-रजयांचा हंगाम. चांदचाचांची पिंजण टुंग टुंग वाजत होती आणि कापूस उसळून वर जात होता. चाचांच्या भुवयांवर, कौलांवर, निंबावर, शेळीच्या पाठीवर, जिकडेतिकडे तो येऊन बसत होता. पलीकडच्या रस्त्यानं कापसाच्या बैलबंड्या सरकी काढायच्या जिनाकडे चालल्या होत्या आणि गाडीवानांनी कानाला फडकी गुंडाळली होती. आईनं चित्र माझ्यापुढे धरलं. सगळं जुळत होतं. थंडी होती, पांढरं होतं, गाडी होती आणि सुगी हाती आल्यावर माणसं हसतात तशी पोरं हसत होती.

उरलीसुरली शंका नाताळनं फेडली. आमच्या ख्रिस्ती देवळात नाताळला सरूची मोठी फांदी उभी करतात आणि तिच्यावर कापसाचे पुंजके ठेवतात. दरवर्षी तो पिंजलेला कापूस चांदचाचाच देत आणि आई पदरात घेऊन जाई. आपण झाडावर कापूस काहून लावतो, तिनं बाबांना विचारलं, आणि उत्तरही तिनंच दिलं. त्या लोकांची कापसाची सुगी नाताळात येते, म्हणून. बाबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "असेल बुवा." मग बाकीचं पटापट उलगडत गेलं. इतक्या कापसात चाकं रुततात, म्हणून तिकडच्या बंडीला चाकंच नसतात, फळ्या असतात. गाजराचं नाक लावलेला पांढरा माणूस म्हणजे पाखरं हाकलायचं बुजगावणं. मी सगळं पाठ केलं. मला तो धडा फार आवडायचा.

पुढे नोकरीत असताना शिक्षिकांच्या सहलीबरोबर मी हिमाचलात गेले आणि खरा बर्फ हातात घेतला. तळव्यावर थोडा वेळ पांढरा दिसला आणि पाणी होऊन मनगटावर ओघळला. छान होता. पण आईच्या विचारात चूक नेमकी कुठे झाली, हे मला तिथेही सापडलं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं होतं त्यावरून तिनं सरळ पुढचं पाऊल टाकलं होतं. परवा सून म्हणाली, घरी शिकवताना माझ्या हातून काही चुकलं तर? मी म्हटलं, चुकेलच. शाळा काय चुकत नाहीत का? मी चौतीस वर्षं शाळेत होते.

मार्चअखेर आम्ही निघालो. चांदचाचांनी मला गाडीत टोचू नये म्हणून एक पातळ, लहानशी गादी करून दिली. बडनेऱ्याला उतरून अमरावतीची लहान गाडी धरली. फलाटावर कापसाच्या गठाणींची थप्पी लागली होती आणि मी बाबांना म्हटलं, मेमच्या मुलखातल्या स्टेशनात पण असंच असेल. असेल, बाबा म्हणाले.

सकाळी लेखी झालं. गणित सोपं होतं, शुद्धलेखनही बरं गेलं. मग मोठ्या बाईंच्या खोलीत तोंडी. मोठ्या बाई पांढऱ्या लुगड्यातल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. शेजारी आत्या. आईबाबा बाहेर व्हऱ्हांड्यातल्या बाकावर, दार उघडंच. शास्त्र विचारलं, नद्या विचारल्या, पाढे विचारले. माझी उत्तरं ऐकून आत्याची मान कौतुकानं हलायला लागली होती, ते मी बघत होते. शेवटी बाईंनी खणातून नाताळचं एक शुभेच्छापत्र काढलं आणि म्हणाल्या, या चित्राबद्दल बोल.

चित्र तेच! पांढरी छपरं, पुंजके, बिनचाकाची गाडी, गाजराच्या नाकाचा माणूस. मला इतका आनंद झाला की मी उभी राहूनच सुरुवात केली. वेचणी, बंड्या, फळ्या, बुजगावणं, देवळातलं झाड, काही म्हणून सोडलं नाही. बाईंनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं आणि मग शांतपणे सांगितलं की हा कापूस नाही. हे पाणी आहे. थंडीनं गोठतं आणि पिसासारखं हलकं होऊन पडतं. मी विचारलं, "मंग त्याच्या गाद्या होत नाहीत?"

आत्यानं डोळे मिटले. मग अगदी हळू, पण बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, हेच माझं म्हणणं होतं. पोरीचं डोकं चांगलं आहे. घरी शिकवणारं कोणी नाही."

न बोलावता आई आत आली. बोर्डिंगात वाढलेली बाई, न विचारता कुठल्या खोलीत पाऊल टाकणारी नव्हती. पण आली.

"बाई, हे माहं चुकलं, पोरीचं नाही," ती म्हणाली. "मी असा बर्फ पाह्यला नाही. चित्र पाहून समजलं ते शिकोलं. आज खरं समजलं, उद्या तेच शिकवीन. याचे गुण कापा आन् बाकीचं इचारा."

व्हऱ्हांड्यातून बोर्डिंगाची एक मुलगी वह्यांचा गठ्ठा घेऊन चालली होती, पाचवीतलीच. बाईंनी तिला आत बोलावलं आणि विचारलं, नाताळच्या झाडावर आपण कापूस कशाला लावतो? ती गोंधळली. "दरवर्षी लावतात म्हणून, बाई," ती म्हणाली. बाईंनी तिला जायला सांगितलं आणि आम्हालाही बाहेर बसायला सांगितलं.

त्या बाकावर बसले तेव्हा त्या वर्षात पहिल्यांदा मला भीती वाटली. समोर बोर्डिंगाची लांब इमारत होती आणि ओळीनं खिडक्या. त्यातली माझी कोणती असेल, असं मनात येऊन गेलं. आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

आई उठून उभी राहिली. पदर सारखा केला, हात पुढे जुळवले, मान थोडी खाली घातली आणि भोजनघराच्या दिशेनं निघालीसुद्धा. "अवो," बाबा म्हणाले. ती थांबली. आपण कुठे आहोत ते तिला क्षणभर उमगलं नाही. मग परत येऊन बसली आणि माझा हात धरला. तो ती सोडेना. आईला घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. ती माझ्यासाठी घाबरली नव्हती, तिच्या आतली ती पाच वर्षांची पोर घाबरली होती. मला तेव्हाच कळलं आणि मला रडू आलं.

मोठ्या बाई बाहेर आल्या त्या दाखला हातात घेऊनच. "पाचवीत बसवा हिला," त्या बाबांना म्हणाल्या. मग आईकडे वळून म्हणाल्या, "आमच्या मुलींना बर्फाबद्दल मीही कधी सांगितलं नव्हतं." आत्यानं दाखला वाचला, डोळे पुसले, मला जवळ ओढलं आणि लगेच सुपरिंटेंडेंट झाली. घंटा झाली आहे, म्हणाली, पंगत बसली आहे, आधी जेवून घ्या.

"तुमी व्हा पुढं, ताई," आई म्हणाली. "आमी मागून जेवतो."

आवारात एक जुना निंब होता. नवी पालवी आलेली, खाली बारीक फुलांचा सडा आणि त्यांचा कडूगोड वास. आईनं चांदचाचांची गादी अंथरली, मला तिच्यावर बसवलं आणि पिशवीतून डबा काढून मध्ये ठेवला. भाकरी, ठेचा आणि चाचीनं दिलेली शेवयांची खीर. समोर मुली जेवून बाहेर पडत होत्या, ओळीनं ताटल्या विसळत होत्या. आई त्यांच्याकडे बघत होती. डब्याला तिनं हात लावला नाही.

"भूक लागली का तुले?" तिनं मला विचारलं.

आनंदानं माझं पोट कसं गच्च भरलं होतं. मी नाही म्हटलं.

"मंग बसू जरासं," ती म्हणाली.

आम्ही बसलो. बाबांनी टोपी तोंडावर घेऊन डोळे मिटले. मुली वर्गात गेल्या, भोजनघराचं दार लागलं, आवार रिकामं झालं. वारा आला की फुलं आमच्या अंगावर पडत होती आणि आई ती झटकत नव्हती. बऱ्याच वेळानं मीच म्हटलं, "आई, लागली आता."

तेव्हा तिनं डबा उघडला.